रथात बसून वाचणारा मनुष्य

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८, ओव्या २६ ते ४०)



दसरा पार पडला, की आपल्या बीड जिल्ह्यातील कित्येक गावे ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, कोणत्याही बाजूचा रस्ता पाहा. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व मालमोटारी साखर कारखान्यांच्या दिशेने चाललेल्या दिसतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातो, कोणी थेट कर्नाटकात. गाडीत सारा संसार भरलेला असतो : पिठाची पोती, पाण्याचे हंडे, एखादी शेळी, आणि त्या सर्वांवर बसलेली लेकरे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत व कारखान्याचे गाळप संपेपर्यंत ह्या लोकांचा मुक्काम फडावर. म्हणजे जवळजवळ निम्मे वर्ष घराला कुलूप.

आपल्या मंडळ्यांतील जी कुटुंबे ह्या वाटेने जातात, त्यांच्यासंबंधी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत. गावी असताना रविवारी घंटा होते, पाळक येतात, वचन वाचले जाते, त्याचा अर्थ सांगितला जातो. फडावर घंटा नाही आणि पाळकही नाही. गाठोड्यात नवा करार असतो खरा. पण तो बहुधा कपड्याच्या घडीत, हळदकुंकवाच्या डबीप्रमाणे जपून ठेवलेला. तो उघडावा, हे सर्वांस पटते. परंतु उघडल्यावर काय करावे, हे कोणी शिकविलेले नसते. आम्ही उपदेशक लोक ‘शास्त्र वाचा, शास्त्र वाचा’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कसे वाचावे, हे मात्र क्वचितच सांगितले.

प्रेषितांच्या कृत्यांत ह्याच अडचणीत सापडलेला एक मनुष्य आहे. कूश देशाच्या राणीचा तो खजिनदार. यरुशलेमेस उपासनेसाठी जाऊन तो परत निघाला होता. वाट गझाकडे उतरणारी, रानातली, निर्मनुष्य. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचीत होता. येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे. फिलिप्प धावत रथाजवळ गेला, तेव्हा तो काय वाचीत आहे हे त्यास ऐकू आले, असे ३० व्या ओवीत लिहिले आहे. अर्थात तो मनुष्य मोठ्याने वाचीत होता. त्या काळी एकटा मनुष्यही बहुधा मोठ्यानेच वाची. आपल्या आजीपणजीच्या काळी पोथीही अशीच वाचीत, आणि मला वाटते ती चाल उत्तम होती. डोळा ओळीवरून घसरून पुढे जातो. जीभ तितक्या सहज घसरत नाही. प्रत्येक शब्द तोंडातून जावा लागतो, आणि जो शब्द कळला नाही तेथे आवाज आपोआप अडखळतो.

तो अधिकारी असाच अडखळला. कोकराप्रमाणे वधावयास नेल्या गेलेल्या एका मनुष्याचे वर्णन त्याच्यासमोर होते, आणि हा कोण, हे त्यास उमगेना. फिलिप्पाने विचारले, तेव्हा वाट दाखविणारा कोणी नसता मला कसे कळावे, असे त्याने सरळ सांगितले. राणीचा एवढा मोठा कारभारी, परंतु एका पायी चालणाऱ्या वाटसरूपुढे आपले अज्ञान कबूल करण्यास त्यास लाज वाटली नाही. पुढे ३४ व्या ओवीत त्याचा प्रश्न आहे : संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? ह्याहून नेमका प्रश्न एखाद्या पंडितासही सुचला नसता. फिलिप्पाने त्याच भागापासून आरंभ करून त्यास येशूची सुवार्ता सांगितली. थोड्याच अंतरावर पाणी लागले, आणि मग तो फिलिप्पाच्या सांगण्याची वाट पाहत बसला नाही. हे पाहा पाणी, मला बाप्तिस्मा घेण्यास कोणती हरकत आहे, असे तो स्वतःच म्हणाला.

ह्या गोष्टीत तीन पायऱ्या आहेत. वाचलेल्या भागात एका ठिकाणी त्याचे मन खिळले. तेथे त्याला प्रश्न पडला. आणि उत्तर मिळताच त्याने रथ थांबविला व तो पाण्यात उतरला.

परदेशांतील विद्यार्थिमंडळांत वैयक्तिक शास्त्राभ्यासाची एक साधी रीत प्रचलित आहे. ती ‘स्वीडिश रीत’ ह्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यात ह्याच तीन पायऱ्यांस तीन चित्रे दिलेली आहेत : मेणबत्ती, प्रश्नचिन्ह आणि बाण. आपण मेणबत्तीच्या ठिकाणी दिवा म्हणू या. आपल्या घरांत तोच शोभतो. रीत अशी. प्रथम थोडकी प्रार्थना करावी. मग दहा-पंधरा ओव्यांचा एक भाग घ्यावा आणि तो सावकाश, मोठ्याने, दोन वेळा वाचावा. दुसऱ्या वाचनात हाती पेन्सिल असावी. जेथे उजेड पडल्यासारखे वाटले, तेथे समासात लहानसा दिवा काढावा. जेथे अर्थ लागला नाही, तेथे प्रश्नचिन्ह करावे. आणि जे वाक्य आपल्याच जिवाकडे, आपल्याच घराकडे बोट दाखविते, त्याच्यापुढे बाण काढावा. पवित्र ग्रंथात रेघोट्या ओढणे ज्यांस प्रशस्त वाटत नाही, त्यांनी पोराच्या जुन्या वहीत अध्याय व ओवीचा आकडा लिहून त्यापुढे खूण करावी. त्यानंतर त्या दिवशी निदान एका माणसाला, नवऱ्याला, सासूला, शेजारच्या कोपीतल्या बाईला, आपला दिवा कोणता तो सांगावा. बस, एवढेच. ह्यास शब्दकोश लागत नाही, टीकाग्रंथ लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

‘एवढ्याशा खुणांनी काय होणार?’ असे ज्यांस वाटेल, त्यांनी नारायण वामन टिळकांची गोष्ट आठवावी. १८९३ च्या सुमारास नागपूरकडून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने टिळकांस नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळकांचे मन त्या पुस्तकाकडे मुळीच ओढलेले नव्हते. ते वाचावयास बसले ते केवळ दिलेला शब्द पाळण्यासाठी. परंतु त्यांनी एक केले. लक्षात घेण्याजोगे जे जे आढळेल, तेथे पेन्सिलीने खूण करावयाची, असे ठरविले. खुणा करीत करीत ते मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायांशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाशी येऊन पोहोचले, आणि तेथून त्यांस हलवेना. तत्त्वज्ञानातील ज्या गहन कोड्यांनी त्यांस वर्षानुवर्षे छळले होते, त्यांची उत्तरे त्या तीन अध्यायांत सापडली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्राच्या ह्या ख्रिस्ती कवीचा आरंभ कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने झाला नाही. तो सहप्रवासी आपल्या वाटेने निघून गेला. हाती राहिले पुस्तक व पेन्सिल.

फिलिप्पाचेही तसेच झाले. ३९ व्या ओवीत प्रभूच्या आत्म्याने त्यास नेले, व तो अधिकाऱ्याच्या दृष्टीस पुन्हा पडला नाही. नुकताच बाप्तिस्मा झालेला मनुष्य, पुढे शेकडो कोसांची वाट, सोबतीस एकही विश्वासी नाही, आणि गुरू तर डोळ्यांदेखत नाहीसा झालेला. तरी तो आनंद करीत गेला. कशाच्या बळावर? यशयाचे पुस्तक अजून त्याच्याजवळ होते.

येथे जरा थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हा मनुष्य षंढ होता. अनुवादाच्या २३ व्या अध्यायाच्या पहिल्या ओवीप्रमाणे अशा मनुष्यास परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. इतक्या दुरून तो यरुशलेमेस आला. पण मंदिरात त्यास किती आत जाऊ दिले असेल, ह्याची कल्पना आपणांपैकी पुष्कळांना करता येईल, कारण आपल्या आजोबा-पणजोबांनाही देवळाची पायरी कोठे संपते हे चांगले ठाऊक होते. तो वाचीत असलेला भाग आज आपण ज्यास यशयाचा ५३ वा अध्याय म्हणतो, तेथला. त्याच पुस्तकात केवळ तीन अध्याय पुढे, ५६ व्या अध्यायात, परदेशीय आणि षंढ ह्या दोघांची नावे घेऊन परमेश्वर अभिवचन देतो, की माझ्या घरात तुम्हांस जागा आहे, आणि पुत्रकन्यांहूनही उत्तम असे नाव मी तुम्हांस देईन. तो तेथवर पोहोचला की नाही, हे लूक सांगत नाही. परंतु वाचीत राहिला असेल, तर घर येण्याच्या कितीतरी आधी ते शब्द त्याच्या पुढ्यात आलेच असतील, आणि ते समजावून सांगण्यास तेव्हा फिलिप्पाची गरज पडली नसेल. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की एक पुस्तक धरले तर ते सोडू नये. आज येथला तुकडा, उद्या तेथला, असे करू नये. जो शब्द विशेषेकरून आपल्यासाठीच ठेवलेला आहे, तो कदाचित तीन अध्याय पुढे असेल.

आता ह्या तीन खुणांपैकी जिच्याविषयी आपल्या लोकांत सर्वांत अधिक भीती आहे, त्या प्रश्नचिन्हाविषयी. आपल्या सभांत प्रश्न विचारणाऱ्याकडे थोड्या संशयाने पाहण्याची वाईट चाल पडली आहे. ‘शंका काढू नको, विश्वास ठेव,’ असे म्हणून त्यास गप्प करतात. विशेषतः स्त्रियांस व तरुणांस. पण शास्त्र काय दाखविते? देवदूताचा निरोप ऐकून मरियेने प्रश्न केला (लूक १:३४), आणि तिला कोणी अविश्वासी म्हटले नाही. दाखल्यांचा अर्थ न कळल्यामुळे शिष्य एकांतात प्रभूला विचारू लागले (मार्क ४:१०), म्हणून तर पेरणाऱ्याच्या दाखल्याचा उलगडा आज आपल्या हाती आहे. आणि योहानाच्या १४ व्या अध्यायातील सहावी ओवी, जी आपल्या शब्बाथशाळेतील चार वर्षांचे पोरही पाठ म्हणते, ती कशातून निघाली? पाचव्या ओवीत थोमाने स्पष्ट सांगितले, की प्रभुजी, आपण कोठे जाता हेच आम्हांस ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? थोमा त्या रात्री भिडस्तपणे मान डोलावून बसला असता, तर ती ओवी आपणांस मिळाली असती काय?

म्हणून समासात प्रश्नचिन्ह पडले, तर कमीपणा मानू नये. एकाच बैठकीत त्याचे उत्तर शोधून काढण्याची घाईही करू नये. अडलेला शब्द असेल तर मागची-पुढची ओवी पुन्हा वाचावी. ज्यांच्याजवळ मोबाइल आहे त्यांनी दुसऱ्या भाषांतरातील तीच ओवी पाहावी. तेवढ्याने न उलगडल्यास प्रश्न तसाच राहू द्यावा व पुढे चालावे. बारा प्रश्नांपैकी चार तर पुढच्या अध्यायांतच सुटतात, असा अनुभव आहे.

भाषांतराचे नाव निघाले म्हणून सांगतो. मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली व संपूर्ण नवा करार १८११ साली बंगालमधील श्रीरामपुराहून विल्यम केरी ह्यांच्या प्रयत्नाने छापून निघाला. वैजनाथ पंडित हे त्यांचे साहाय्यक. त्यानंतर भाषांतरे सुधारत गेली, पण खेड्यातील बायकांस ग्रंथाची भाषा जड जाते, हे पंडिता रमाबाईंच्या मनाला लागून राहिले होते. स्वतः संस्कृतात निष्णात अशी ही विदुषी. तिने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सर्व पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविण्याचे काम वर्षानुवर्षे चालविले. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांच्याच मुली खिळे जुळवीत आणि छापीत. १९२२ च्या एप्रिल महिन्यात रमाबाई निवर्तल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ पूर्ण छापून बाहेर पडला. शास्त्रातला एक शब्द एखाद्या अडाणी बाईला कळत नाही, एवढ्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्च केली. आपल्या जिल्ह्याला तर ही गोष्ट परकी वाटू नये. ज्या अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी दाखवितात, त्या मुकुंदराजांनी शके १११० त, म्हणजे इ. स. ११८८ साली, गहन ज्ञान संस्कृतात न ठेवता मराठीत सांगितले, अशी परंपरा आहे. आणि त्याच गावच्या दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर मराठी रचना लिहून काढली. ज्ञान लोकांच्या भाषेत असावे, ह्याविषयी बीडकरांस बाहेरच्यांनी धडा देण्याची गरज नाही.

आता ही रीत हाती घेऊन एक भाग वाचून पाहू. रूथचा दुसरा अध्याय घ्यावा. फडावरच्या माणसाला तो परका वाटणार नाही. दुष्काळाने देशोधडीला लागलेले घर, विधवा सून आणि विधवा सासू, परक्या गावचे शेत, आणि कापणाऱ्यांच्या मागे राहिलेले सरवा वेचणे. हा ‘सरवा’ शब्द आमच्याकडील म्हाताऱ्या बायांस समजावून द्यावा लागत नाही.

दिवा कोठे पडतो? एखाद्या बहिणीचा पडेल सोळाव्या ओवीशी. बवाज गड्यांस सांगतो, की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम तिच्यासाठी काढून टाका व तिला धमकावू नका. देणारा असा देतो, की घेणारीला भीक मागितल्यासारखे वाटू नये. तिला वाटावे, आपण वेचले.

प्रश्न कोणता? सतराव्या ओवीत तिने झोडपून काढलेले धान्य एक एफाभर झाले. एफा म्हणजे किती? अभ्यासक ते माप बावीस लिटरांच्या आसपास धरतात. दिवसभर वाकून एका बाईने वेचले, त्या मानाने हे पुष्कळच झाले. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : परक्याच्या शेतात शिरून वेचण्याचा तिला अधिकार कोणी दिला? हा प्रश्न ज्याने वहीत लिहून ठेवला, त्यास पुढे कधी लेवीयाच्या १९ व्या अध्यायातील नववी-दहावी ओवी वाचताना उत्तर मिळेल. शेताच्या कडेपर्यंत सगळे कापू नये, पडलेले वेचू नये, ते गरीब व उपरी ह्यांच्यासाठी राहू द्यावे, अशी तेथे आज्ञा आहे. म्हणजे रूथला मिळाले ते केवळ बवाजाच्या मर्जीने नव्हे. देवाच्या नियमाप्रमाणे ते तिचे होते. बवाजाने तो नियम पाळला, आणि वर आणखी दिले.

आणि बाण? नवव्या ओवीकडे पाहा. तुला हात लावू नये असे मी गड्यांस बजावले आहे, आणि तहान लागली तर त्यांनी भरून ठेवलेले पाणी तू पी, असे बवाज तिला सांगतो. शेतात राबणाऱ्या स्त्रीची अब्रू आणि तिचे पिण्याचे पाणी! ज्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली राज्यशासनास समिती नेमावी लागली, त्या जिल्ह्यातील ख्रिस्ती मनुष्याने ही ओवी सहज ओलांडून जाणे बरे नाही. दुखणे अंगावर काढावे, कारण खाडा पडला तर कोयत्याची मजुरी कापली जाते. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन गाडीची शिडी चढावी. आडोसा नाही, पाणी नाही. ह्या गोष्टी आपणांस ऐकून ठाऊक आहेत असे नाही, आपल्या घरांतल्या आहेत. हा बाण एकाच दिशेने जात नाही. टोळीचा मुकादम आपल्या मंडळीतला असेल, तर त्याच्याकडे जातो : तुझ्या टोळीतील बायांस तू काय बजावून ठेवले आहेस, आणि गड्यांस काय? नवरा वाचीत असेल, तर त्याच्याकडे जातो : आज पाण्याचा हंडा कोणी आणला? आणि जिचे अंग दुखते आहे अशा बहिणीकडेही जातो, व तिला सांगतो, की विसावा व पाणी मागणे हा तुझा हट्ट नव्हे. एकच ओवी, परंतु वाचणारा जो तो आपल्या ठिकाणी उभा राहून वाचील, तर प्रत्येकास निराळे काम सांगते.

बाणाची खूण करणे सर्वांत कठीण आहे, हे उघड आहे. तो शेजाऱ्याकडे वळविण्याचा मोह फार. ‘हे वचन अमक्याने ऐकावयास हवे होते,’ असे मनात आले, की समजावे बाण उलटा लागला.

काही लोक ह्याहून सोपी रीत काढतात. डोळे मिटून पुस्तक उघडावयाचे, जेथे बोट पडेल ती ओवी आजची देववाणी समजावयाची. किंवा स्तोत्रातील एखादी ओवी कागदावर लिहून लेकराच्या गळ्यात बांधावयाची. प्रिय बंधूंनो, हे वाचणे नव्हे, हे शकुन पाहणे होय. पाठपुढा सोडून ओवी वापरण्यात जो सर्वांत तरबेज, त्याचे नाव मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. त्याने ९१ वे स्तोत्र प्रभूच्या तोंडावर म्हणून दाखविले, शब्द बरोबर होते. आणि प्रभूने त्यास शास्त्रातीलच दुसऱ्या वचनाने उत्तर दिले. म्हणून पूर्ण भाग वाचावा, आरंभापासून शेवटपर्यंत.

दुसरे टोक असे, की अध्यायांमागून अध्याय धावत वाचून संपविणे. आपल्या जिल्ह्यात सप्ताह बसतात, त्यांत पारायणे होतात; त्या वाचनाची शिस्त व भक्ती आदराने पाहण्यासारखी आहे. परंतु आपल्यापैकी कोणी ‘वर्षात सारे शास्त्र पूर्ण केले’ म्हणून सांगतो आणि त्यात कोठे अडलास असे विचारता कोठेच नाही म्हणतो, तेव्हा त्या वाचनाविषयी शंका येते.

ज्यांस वाचता येत नाही त्यांचे काय, असा प्रश्न येईल, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौल रोमकरांस लिहितो (१०:१७). कोपीत शाळेत जाणारे पोर असेल, तर त्याने दिव्याच्या उजेडात वाचावे. नसेल तर मोबाइलवर मराठी शास्त्र वाचलेले ऐकावयास मिळते, तेवढाच भाग दोनदा लावावा. मग प्रत्येकाने तोंडानेच सांगावे : माझा दिवा हा, माझा प्रश्न हा, माझा बाण हा. खुणा कागदावर असाव्या असा काही नियम नाही. आपल्या भाषेत ‘खूणगाठ’ असा सुंदर शब्द आहे. न कळलेल्या गोष्टीसाठी बहिणीने पदराच्या टोकास खरोखरीची गाठ मारावी. मरियेला लिहितावाचता येत होते की नाही, हे शास्त्र सांगत नाही. तिने ह्या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले, एवढे मात्र दोन वेळा लिहिले आहे (लूक २:१९ व ५१).

वेळ नाही, ही तक्रारही खोटी नाही. उजाडण्यापूर्वी फडात जावयाचे, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, गाडी भरणे. ती कित्येकदा रात्री भरावी लागते. त्यात स्वयंपाक, लेकरे आणि जनावरांचे वाढे. अशा माणसास ‘रोज पहाटे एक तास’ सांगणे म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी एक मोळी ठेवणे होय. आठवड्यातून दोन वेळा वाचावे. मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. ते चोहोंत लहान, आणि त्यात प्रभू सतत वाटेवर चाललेला आहे, होडीत आहे, शेतातून जात आहे, थकून उशीवर डोके ठेवून झोपलाही आहे. त्याचे सोळा अध्याय आहेत. एका अध्यायाचे तीन भाग पाडले तर अठ्ठेचाळीस भाग होतात, आणि आठवड्यास दोन ह्या हिशेबाने चोवीस आठवडे लागतात. दसरा-दिवाळीला निघालेला मनुष्य गाव पाहीपर्यंत साधारण तेवढाच काळ जातो.

आता एक विनंती पाळकबंधूंस. कुटुंबे निघण्यापूर्वीच्या रविवारी एक लहान भाग सर्वांबरोबर ह्या रीतीने वाचून दाखवावा, प्रत्येक घरास एक पेन्सिल व कोरी वही द्यावी. उपदेश करून ही रीत शिकविता येत नाही, करूनच शिकवावी लागते. हंगाम संपून लोक परतले, की पहिल्या रविवारी उपदेश ठेवू नये. वह्या उघडाव्या आणि प्रश्न एकामागून एक वाचावे. ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक नसेल, तेथे तसे मोकळेपणी सांगून तो भाग सर्वांनी मिळून पुन्हा मोठ्याने वाचावा. आणि ज्या भगिनींस लिहिता येत नाही, त्यांच्या पदराच्या गाठी सर्वांत आधी सोडवाव्या; वहीतला प्रश्न पुढच्या रविवारपर्यंत राहील, पदराची गाठ धुण्यात सुटून जाते.